विनीतला द्यायचा की ठेवायचा

मालगुंडच्या स्पर्धेत माझा नवरा चढाईला निघाला आणि मी डोळे गच्च मिटून घेतले.

आता मी काय घाबरट बाई नाही. एसटीत कंडक्टर आहे, रत्नागिरी-पूर्णगड गाडीवर. दारू पिऊन चढलेल्याला भर उतारावर गाडी थांबवून खाली उतरवलाय मी. आवाज तर असा, की मागच्या सीटवर घोरणारा माणूस माझ्या एका हाकेत पिशवीसकट दारात येतो. लग्नाआधी कॉलेजकडून कबड्डी खेळायचे, विनीत त्याच मैदानावर सरावाला यायचा, तिथेच आमचं जमलं. म्हणून आमच्यात अजून अरे-तुरे. त्याच्या सामन्याला मी गेले की त्याच्या कबड्डी मंडळातली पोरं बोलायची, "वहिनी आल्या रे, स्पीकरवाल्याला घरी पाठवा."

तीच मी मालगुंडला ओढणीचा बोळा तोंडात धरून बसले होते. कानावर फक्त त्याचा दम येत होता, "कबड्डी, कबड्डी, कबड्डी." तो आवाज चालू आहे तोवर नवरा जिवंत आहे, एवढंच मला कळत होतं. मग धपकन काहीतरी पडलं आणि लोक ओरडले. डोळे उघडले तर समोरच्या संघाची चार पोरं एकावर एक, आणि विनीत त्यांच्या खाली. पोरं उठली. विनीत उठला नाही.

"ऊठ," मी मनात बोलले. "ऊठ मेल्या, ऊठ."

उठला. आधी गुडघ्यावर हात टेकला, मग सावकाश उभा राहिला, आणि छातीवरून हात फिरवला. बघणाऱ्याला वाटलं घाम पुसतोय. पण तो घाम पुसत नव्हता, हे त्या मैदानावर त्याला आणि मलाच ठाऊक होतं.

दिवाळीनंतर जिना चढताना त्याच्या छातीत दाटून यायला लागलं होतं. आधी आम्ही पित्त समजून कोकमाचं सार पीत बसलो. मग मी हट्टाने त्याला कोल्हापूरला नेलं. गावात सांगितलं, बहिणीकडे चाललोय. तिथल्या डॉक्टरांनी काळजाच्या नळ्या स्क्रीनवर दाखवल्या. दोन नळ्या चोंदल्यात, फुगा घालून उघडायला लागतील, आणि तोवर धावपळ बंद, वजन उचलणं बंद. त्यांनी विचारलं, "काही खेळता वगैरे का?" विनीत बोलला, "छे हो, ह्या वयात कसला खेळ." मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले.

घरी आल्या आल्या त्याने आमच्या शमिकाला हाक मारली. चौथीतली पोर, तोंडात चिक्की, नाचतच आली. विनीतने माझं मनगट धरलं आणि माझा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

"शपथ घे. शिमगा होईपर्यंत कुठल्या माणसाकडे हे बोलणार नाहीस."

"वेडाबिडा झालास का? पोरीच्या डोक्यावर?"

"घे आधी."

शमिकाला वाटलं काहीतरी गंमत चाललीय, ती हसत होती. मी हात ओढत होते आणि तो सोडत नव्हता. पोरीसमोर तमाशा नको म्हणून शेवटी मी घेतली. चूकच झाली ती. मी उपासतापास करणाऱ्यांतली नाही, मांजर आडवं गेलं तर मांजरालाच ओरडते, पण पोटच्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ वेगळी. ती पोटात दगडासारखी बसते. आमच्याकडे अशी शपथ कुणी मोडत नाही, आणि मोडणाऱ्याचं काय झालं त्याच्या गोष्टी सांगायला प्रत्येक घरात कुणी ना कुणी असतंच.

"शिमगा झाला की फुगा घालू, तुझी आण," विनीत बोलला. "पण आत्ता हे पसरलं ना, तर मला पाण्याच्या बाटल्या सांभाळायला बसवतील. एवढी वर्षं खेळलो ते बाटल्या सांभाळायला?"

सासू-सासरे थोरल्या दिरांकडे मुंबईला असतात. घरात आम्ही तिघंच. सांगायचं तरी कुणाला?

तर मालगुंडला आम्ही हरलो. पहिल्याच फेरीत. परतताना सगळे एका ट्रॅक्स जीपमध्ये दाटीवाटीने बसलो होतो. यंदा आमच्या वाघजाई मंडळाने एकही स्पर्धा धड खेळली नव्हती. विनीतची चढाई आणि महेंद्रची पकड, ह्या जोडीवर मंडळाने एके काळी जिल्हा गाजवलाय. आता दोघांच्या कानशिलांवर पांढरं दिसायला लागलंय, आणि त्यांच्यामागे उभी राहणारी पोरं एक तर मुंबईला नोकरीला जातात नाहीतर मोबाईलमध्ये मान घालून बसतात.

मध्येच गुरुप्रसाद बोलला. हा आमच्या मंडळाचा सेक्रेटरी आणि कोच. शाळेत खेळाचा मास्तर, वयाने लहान, तोंडाने फटकळ, पण मंडळासाठी मर मर मरणारा.

"आबा, चिपळूणवाल्यांचा फोन आला होता. त्यांना विनीतदादा आणि महेंद्रदादा हवेत. बदल्यात तीन पोरं देतायत, विशीतली. मी खेळ बघितलाय त्यांचा. तीन वर्षांत संघ उभा राहील."

पुढच्या सीटवर काशीरामआबा होते. मंडळाचे अध्यक्ष. विनीत आणि महेंद्रला हाफ चड्डीत असल्यापासून त्यांनीच तयार केलेलं. त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही.

"माझी पोरं काय बैल आहेत रे, बाजारात नेऊन बदलायला?"

"बैल नाहीत म्हणून तर त्यांच्यासमोर विचारतोय. आबा, दोघं अजून एखादं वर्ष खेळतील. मग काय करायचं? मंडळाला कुलूप?"

"कुलूप लागला तरी चालेल. पण ज्यांनी नाव केला त्यांना हाकलायचा नाय."

"हाकलतंय कोण? मान देऊन बोलवतायत ते."

मी विनीतकडे बघत होते. मी मनात म्हटलं, आता बोलेल. बोलेल की बाबांनो, मला द्यायचा नाही आणि ठेवायचाही नाही, मला जरा घरी बसू द्या. कसलं काय! तो चक्क हसला.

"चिपळूणवाल्यांना माझी किंमत कळते. आपल्याच माणसांना कळत नाही."

मला असा राग आला की ट्रॅक्समधून त्याला खाली ढकलावंसं वाटलं. आणि पुढच्याच क्षणी मनात आलं, पडला आणि उठलाच नाही तर? मग घर येईपर्यंत मी त्याची बाही धरून बसले.

दुसऱ्या दिवसापासून गावात दुसरा विषय नव्हता. माझ्या गाडीतसुद्धा तेच. तिकीट काढता काढता लोक विचारायचे, "काय कंडक्टरबाई, नवरा चिपळूणला देताय म्हणे?" मी बोलायचे, "तुमचा देऊ का? पुढे सरका, दारात उभं राहू नका." गाडीभर हसायचे. मग मागच्या बाकांवर त्यांचं सुरू व्हायचं. एक म्हणणार, म्हाताऱ्या खेळाडूंना कुठवर पोसायचं, पोरांना जागा द्या. दुसरा म्हणणार, घरच्या माणसाचा गुडघा दुखला म्हणून त्याला शेजाऱ्याकडे देतोस का रे? दोघांचंही खरं होतं. आणि मी तिकिटाचं मशीन हातात धरून पुढे उभी. चिपळूणला गेला तर दर आठवड्याला मॅटवर उतरणार, नव्या माणसांसमोर स्वतःला सिद्ध करायला जीव तोडून खेळणार, आणि पडला तर धावायला मीसुद्धा तिथे नसणार. इथे राहिला तर 'बघा, उगाच नाही ठेवला' हे दाखवायला तेवढाच जीव तोडणार. लोक दोन बाजू घेऊन भांडत होते आणि मला दोन्ही बाजूंना एकच दिसत होतं. विनीत खाली पडलेला आणि उठत नसलेला.

रात्री तो झोपला की त्याच्या नाकाशी हात धरून बघायचे. श्वास लागला की हात काढायचे, परत धरायचे.

"तू स्वतःच नाही म्हण ना," एका सकाळी मी त्याला बोलले. तो दारात बूट घालत होता. "सांग गुडघा दुखतोय. सांग कंबर धरलीय. खोटं सांग, काहीही सांग."

"आणि मग? गुरुप्रसाद बोलेल, बघा, मी म्हणत नव्हतो?"

"बोलू दे की! त्याच्या बोलण्याने मरतोस का तू?"

 लेस बांधता बांधता त्याचे हात थांबले. मी जवळ जाऊन बसले.

"विनीत, तुला भीती नाही वाटत?"

"कसली?"

"कसली म्हणून मलाच विचारतोस?"

"नाही वाटत," तो बोलला आणि उठून चालता झाला. बुटाची एक लेस तशीच सुटलेली होती.

मग मी ठरवलं. शपथ गेली खड्ड्यात, महेंद्रभावजींना सांगायचं. माणूस समजूतदार. बौद्धवाडीतला, विनीतचा शाळेपासूनचा मित्र, रत्नागिरीत एसटी स्टँडबाहेर रिक्षा लावतो. ड्यूटी संपली तशी मी त्यांच्या रिक्षाशी गेले. त्यांनी मला आधी चहा पाजला.

"वहिनी, माझं विचाराल तर मी गुरुप्रसादला सांगून टाकलंय. गुडघ्याची वाट लागलीय. मला चिपळूणला द्या, नायतर बसवा, मी रुसणार नाय. आपण कुठवर जागा अडवायची? माझं वाईट वाटतं ते विनीतचं. त्याच्यात अजून खेळ आहे."

"भावजी," मी बोलले, "विनीतला ना..."

आणि माझा फोन वाजला. शाळेतून बाई बोलत होत्या. शमिका पायऱ्यांवरून पडलीय, कपाळ फुटलंय, लगेच या.

त्या रिक्षातून शाळेत पोचेपर्यंत माझं काय झालं ते सांगता यायचं नाही. महेंद्रभावजी गाडी हाणत होते आणि मी मागे बसून देवीला हात जोडत होते. नाही सांगितलं गं, अजून नाही सांगितलं, नुसतं तोंड उघडलं होतं. पोरीला टाके पडले. पट्टी बांधून ती माझ्या मांडीवर बसली आणि मोठ्या फुशारकीने सांगायला लागली की रडलेच नाही मी. मीच रडत होते. मुलं पडतात, हो, मला कळतं. रोज शाळेत कुणी ना कुणी पडत असतं. पण माझ्या डोक्यात एकदा बसलं ते बसलं. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला पोर, आणि मध्ये माझी जीभ. ती हलली की पोरीचं काहीतरी होणार, नाही हलली की नवऱ्याचं. मी महेंद्रभावजींना सांगितलं, काही नाही, असंच आले होते.

त्याच आठवड्यात मंडळाच्या शेडमध्ये मीटिंग झाली. मी शमिकाला घेऊन दाराशी उभी होते. नुसता आरडाओरडा. आबा एकीकडे, गुरुप्रसाद एकीकडे, बाकीचे ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने. आबा बोलले, ह्यांच्या जिवावर आलेले कप त्या कपाटात आहेत, आधी ते कपाट चिपळूणला पाठव, मग माणसं पाठव. गुरुप्रसाद उठून आबांसमोर गेला. तो बोलला, "आबा, मी विनीतदादाची चढाई बघून कबड्डीत आलो. मला काय हौस आहे का? पण त्याला असा रोज हरताना बघवत नाही मला."

त्यावर सगळे जरा थंडावले. तेवढ्यात विनीत उठला.

"भांडू नका. शनिवारी चिपळूणवाल्यांना त्यांची तीन पोरं घेऊन इथेच बोलवा. एक सामना होऊन जाऊ दे. आपल्याकडच्या सगळ्या चढाया मी एकटा करतो. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग ठरवा काय ते."

पोरांनी टाळ्या वाजवल्या.  सगळ्या चढाया! धडधाकट पोराचासुद्धा जीव जाईल त्यात. आबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, "ह्याला म्हणतात खेळाडू." आणि बोलले, "आधी देवळात गाऱ्हाणं घालू, मग सामना, मग निकाल."

 घरी आल्यावर त्याच्या पायाला हात लावला. आयुष्यात पहिल्यांदा. "शपथेतून सोडव मला," मी बोलले. तो बोलला, "शनिवार झाला की." मी बोलले, "शनिवारी तू मेलास तर?" त्याने माझ्या तोंडावर हात ठेवला आणि आत निघून गेला. आतून त्याच्या खोकण्याचा आवाज येत होता. तो खोकला की अजूनही मी उठून बसते.

शनिवारी माझी सुट्टी होती.  उन्हं उतरायला लागली तसं सगळं गाव देवळाकडे निघालं. आमचं वाघजाईचं देऊळ आणि कबड्डीचं मैदान समोरासमोर, मध्ये फक्त दगडांचा एक बुटका गडगा. मैदानावर महेंद्रभावजी मॅटचे तुकडे जोडत होते. गाऱ्हाण्याला ते येत नाहीत, त्यांच्या वाडीतलं कुणीच येत नाही, तेवढ्या वेळात ते मैदान तयार करतात, हे आता सगळ्यांच्या सवयीचं झालंय. चिपळूणची माणसं खुर्च्यांवर बसली होती. त्यांची तीन पोरं अंग मोकळं करत होती, उड्या मारत होती. काय ती छाती, काय ते दंड. आणि मग मला विनीत दिसला. गुडघ्याला पट्टे बांधून, मंडळाची पिवळी बनियन घालून तो देवळाच्या पायऱ्या चढत होता. चारच पायऱ्या असतील. वर येऊन तो खांबाला टेकला आणि तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायला लागला. शेजारी उभ्या असलेल्या बाया बोलल्या, "बघ गो, कसा जोशात आहे."

रघू गुरव गाभाऱ्यात गेला. गावाचं गाऱ्हाणं तोच घालतो, त्याच्या आधी त्याचे वडील घालायचे. ज्याला देवीपुढे काही मांडायचं असेल त्याने रघूला सांगायचं, रघूने ते मोठ्याने देवीला सांगायचं, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्या सगळ्यांनी 'होय महाराजा' म्हणून साथ द्यायची. नुसतं एकट्याचं मागणं गाऱ्हाण्यात चालत नाही. सगळ्यांचा होकार लागतो.

नारळ ठेवला. रघूने घसा साफ केला.

"हे आई वाघजाई महाराजा, आज तुझी लेकरं तुझ्या पायाशी जमली आहेत."

"होय महाराजा!"

"मंडळाला वाईट दिवस आलेत, त्यातून वाट दाखव."

"होय महाराजा!"

"विनीत आणि महेंद्र हे तुझे मोहरे. ते द्यायचे की ठेवायचे, ज्यात मंडळाचं भलं ते घडवून आण. आजच्या खेळात विनीतच्या अंगात बळ दे, त्याचा दम तुटू देऊ नको."

"होय महाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज पोरांचा. मी ओठसुद्धा हलवला नाही. दम तुटू देऊ नको! माझ्या कानात तेवढंच घुमायला लागलं. शमिका माझ्या पुढे उभी होती, कपाळावर पट्टी, हात जोडलेले, सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून होय महाराजा म्हणत होती. तिला काय माहीत ती काय मागतेय.

रघूने नेहमीप्रमाणे विचारलं, "अजून कुणाचं काय गाऱ्हाणं आहे?"

तेव्हा मला सुचलं. आधी नाही, आठवडाभर डोकं फोडून नाही, त्या क्षणी. मी माणसाकडे बोलणार नाही अशी शपथ घेतलीय. देवीकडे नाही. पण रघूला सांगायला गेले तर रघू माणूस आहे, तिथेच शपथ मोडली. मग मलाच बोलायला हवं. आमच्याकडे बाईने उभं राहून गाऱ्हाणं घातल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. आणि मनात दुसरी भीती. देवीला काय कळत नाही? सगळ्या गावासमोर बोलायचं आणि वर म्हणायचं मी तुलाच सांगत होते, ही चलाखी तिला चालेल? नाही चालली तर पोर समोरच उभी आहे.

रघू नारळ फोडायला वाकला. विनीत खांब सोडून पायऱ्यांकडे वळला.

"थांबा!"

गाडीत ओरडते तशी ओरडले. सगळे वळले. मी कुणाकडे बघितलं नाही. शमिकाला दोन्ही हातांनी पोटाशी धरलं, गाभाऱ्यातल्या दिव्याकडे तोंड केलं आणि सुरू केलं. 

"हे आई वाघजाई महाराजा, मी विनीतची बायको नम्रता, मी कुणा माणसाशी बोलत नाही, मी तुझ्याशी बोलतेय."

दोन-चार जणांनी सवयीने म्हटलं, "होय महाराजा."

"नम्रता!" विनीतचा आवाज. मी थांबले नाही. थांबले असते तर परत कधी बोलले नसते.

"आज विनीतला द्यायचा की ठेवायचा म्हणून सगळे भांडतायत."

"होय महाराजा!" आता सगळ्यांनी.

"पण त्याच्या काळजाच्या दोन नळ्या चोंदल्यात, डॉक्टरांनी पळूसुद्धा नको म्हणून सांगितलंय, आणि तो आता सगळ्या चढाया करायला निघालाय."

"होय महा..."

तो आवाज अर्ध्यात तुटला. एवढ्या माणसांचा आवाज असा मध्येच बंद पडलेला मी कधी ऐकला नव्हता. आबांनी जोडलेले हात तसेच हवेत राहिले. मैदानावर मॅटचा तुकडा हातात धरून महेंद्रभावजी गडग्यापाशी येऊन उभे राहिले होते.

"त्याला ना चिपळूणला जाऊ दे, ना इथे खेळू दे. त्याला बरा कर. मी शपथ मोडली असेल तर माझं काय करायचं ते कर, माझ्या पोरीकडे बघू नको."

 साथ कुणाची नाही. रघू गुरव माझ्याकडे बघतोय, हातात नारळ तसाच. माझ्या मनात आलं, संपलं. होकार नाही म्हणजे गाऱ्हाणं पोचलं नाही, आणि शपथ मात्र गेली. तरी जे राहिलं होतं ते बोलले.

"आई, तो म्हणतो त्याला भीती वाटत नाही. खोटं बोलतो. त्याला खूप भीती वाटते. माझ्याएवढीच वाटते. मंडळातून नाव जाईल म्हणून वाटते, मरायची वाटते, आणि ते कुणाला सांगायचीही वाटते."

गुरुप्रसाद तोंडावर हात धरून उभा होता. आबा खाली बसले. मी डोळे मिटून घेतले, मालगुंडला घेतले होते तसेच, आणि शमिकाला आवळून धरलं. कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता, जड, तुटक. तो कुणाचा ते मला झोपेतसुद्धा ओळखता येतं. तो जवळ आला. माझ्या अगदी मागे येऊन थांबला. मला वाटलं, आता हात धरून मला बाहेर ओढणार.

"होय महाराजा," विनीत बोलला.

एकटाच बोलला, आणि असा बोलला की मागच्या रांगेत ऐकूही गेलं नसेल. मग तो तिथेच देवळाच्या फरशीवर बसला आणि रडत रडत गुडघ्याचे पट्टे सोडायला लागला.